लघुदेखाव्यातील पाणी, धूर आणि माती : असईच्या रणभूमीचा एक पाठ

शालेय प्रदर्शनात मांडलेला देखावा पाहून पालक कौतुक करतात, पाहुणे शेरेबुकात दोन ओळी लिहितात आणि दुसऱ्या दिवशी तो देखावा कोठीच्या खोलीत जातो. निळ्या रंगाची नदी, हिरव्या भुशाचे गवत, किल्ल्यावर चिकटविलेला कापसाचा गोळा आणि क्वचित खऱ्या धुराच्या हौसेने पेटविलेला कापूर, असे त्याचे ठरावीक रूप असते. हा खटाटोप वाया जातो असे नाही; परंतु त्यातून मूल काय पाहावयास शिकले, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावयास हवा. आपल्या गावची नदी पावसाळ्यात निळी नसते, हे ज्या मुलाला प्रत्यक्ष ठाऊक आहे, तेच मूल देखाव्यात तिला निळा रंग देते. याचा अर्थ असा की, त्याने नदी पाहिली नाही, नकाशा पाहिला.

देखाव्यातील प्रत्येक परिणाम हे एक विधान असते. पाण्याचा रंग, धुराची दिशा, शेतातील पीक ही सर्व पाहणाऱ्यास काही तरी सांगत असतात. पाठ्यपुस्तकात खोटे वाक्य आढळल्यास शिक्षक ते खोडतो. तीच कसोटी देखाव्यास लावली पाहिजे. हुबेहूबपणा हा केवळ शोभेचा विषय नसून सत्याचा विषय आहे, ही दृष्टी ठेवली म्हणजे साध्या साहित्यातही उत्तम देखावा उभा राहतो. या लेखात जालना जिल्ह्याच्याच भूमीवरील एक प्रसंग उदाहरणादाखल घेऊन ही गोष्ट स्पष्ट केली आहे.

प्रसंगाची निवड

जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदन-जाफराबाद भागात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात असई हे गाव आहे. येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील एक निर्णायक लढाई झाली. एका बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य होते, तर दुसऱ्या बाजूस जनरल आर्थर वेल्स्ली. शिंद्यांच्या कवायती पायदळाचे आधिपत्य पोलमन या युरोपीय सरदाराकडे होते. हे पायदळ दहा हजारांच्या वर होते, तोफा सुमारे शंभर होत्या आणि घोडदळ याहून पुष्कळ मोठे होते. वेल्स्लीपाशी प्रत्यक्ष लढाईत उतरलेले सैनिक सुमारे साडेचार हजार होते.

मराठी फौजेची फळी केळनेच्या उत्तर तीरावर दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरून नदी ओलांडणे वेल्स्लीस अशक्य होते. तो पूर्वेकडे वळला. त्या बाजूस नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले होते. परंतु दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. इंग्रजी वृत्तांतांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. दोन गावे अशी समोरासमोर असतील तर त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने बांधले. ते खरे ठरले. सैन्य उतरून दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीत आले आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. पोलमननेही आपली फळी चपळाईने फिरवून पूर्वाभिमुख केली. तिचे उजवे टोक केळनेकडे व डावे टोक जुईकाठच्या असई गावाकडे आले. पुढे घनघोर संग्राम झाला. इंग्रजी बाजूचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ सैनिक कामी आले वा निकामी झाले. मराठ्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. शिंद्यांच्या गोलंदाजांनी अखेरपर्यंत तोफा सोडल्या नाहीत, याची साक्ष शत्रुपक्षानेच दिली आहे.

हा प्रसंग शाळेला सोयीचा आहे, याचे कारण एवढेच नव्हे की तो जवळचा आहे. त्यात भूमीची रचना, ऋतू, नदी व गाव यांचा इतिहासाशी संबंध उघड दिसतो. भूगोल व इतिहास यांचा असा मिलाफ पाठ्यपुस्तकात क्वचितच साधतो.

प्रमाण : एक देखावा की दोन?

पहिली चूक प्रमाणाची होते. संपूर्ण रणभूमीही दाखवावयाची आणि ठसठशीत घोडेस्वारही उभे करावयाचे, असा मोह पडतो. मग नदीपेक्षा घोडा रुंद होतो आणि दोन उड्यांत शत्रूच्या फळीवर पोचेल असे वाटू लागते. याकरिता इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांकडून प्रथम गणित करवून घ्यावे.

दीड मीटर लांब व एक मीटर रुंद फळीवर तीन किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद भूमी दाखवावयाची असल्यास प्रमाण एकास दोन हजार येते. चाळीस मीटर रुंदीचे नदीपात्र दोन सेंटिमीटर होते. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस एक मिलिमीटरहूनही लहान होतो, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. या देखाव्यात माणसे नकोतच. पाचशे सैनिकांची दुहेरी रांगेतील पलटण सुमारे दीडशे मीटर पसरते असे धरल्यास, साडेसात सेंटिमीटर लांबीच्या रेघेवर चिकटविलेले राजगिऱ्याचे दाणे पुरेसे होतात.

माणसे दाखविण्याकरिता दुसरा, वेगळा देखावा करावा. त्यात रणभूमीचा एकच तुकडा असावा. उदाहरणार्थ, नदीच्या उतारावरील तीस मीटर जागा. एकास साठ या प्रमाणात ती पन्नास सेंटिमीटर होते आणि माणूस सुमारे तीन सेंटिमीटर. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या मुलांच्या बोटांना हे माप अवघड नाही.

मोठ्या देखाव्यात आणखी एक अडचण येते. सहा मीटर उंचीची दरड एकास दोन हजार प्रमाणात केवळ तीन मिलिमीटर भरते. ती डोळ्यास जाणवत नाही. म्हणून उंची तिप्पट घेण्यास हरकत नाही. मात्र 'उंची तिप्पट दाखविली आहे' असे फळीच्या कडेस स्पष्ट लिहावे. गरजेपुरती अतिशयोक्ती क्षम्य आहे, लपविलेली अतिशयोक्ती क्षम्य नाही.

माती

काळी माती आपल्याकडे विपुल. पण ती ओली फुगते व सुकताना आकसते, म्हणून निव्वळ काळ्या मातीच्या देखाव्यास आठवडाभरात भेगा पडतात. घरातील भिंती लिंपणाऱ्या स्त्रियांना यावरील उपाय परंपरेने ठाऊक आहे. मातीत बारीक भुसा, थोडे शेण व भिजवून कुटलेला रद्दी कागद मिसळावा, थर पातळ द्यावा आणि एक थर सुकल्यावाचून दुसरा देऊ नये. उंचवट्यांसाठी आत कागदाचे बोळे किंवा तुराट्यांचे तुकडे भरावेत. थर्मोकोल टाळावा, महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे.

वरचा हात मात्र वस्त्रगाळ मातीचा द्यावा. एकास साठ प्रमाणात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे सहा सेंटिमीटरचे ढेकूळ. चाळणीतून गाळलेली मातीही या प्रमाणात खडकाळ माळरानासारखी दिसते. 'देखावा खोटा का दिसतो?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या न गाळलेल्या मातीत असते.

ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते, हे मुलांना अंगणात पाण्याचा शिपका मारून दाखवावे. मग देखाव्यातील नदीकाठची दोन बोटे पट्टी पातळ डिंकाने भिजवून गडद व किंचित चकाकती करावी आणि तेथून दूर जाताना माती कोरडी व निस्तेज ठेवावी. एवढ्या एका कृतीने काठ ओला झाल्यासारखा भासतो.

पाणी

खरे पाणी वापरावे, असे प्रत्येक वर्गातील एक तरी मूल सुचविते. त्यास नकार देण्यापूर्वी कारण समजावून सांगणे योग्य. देखाव्यात नदी लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. चार मिलिमीटरचा थेंब एकास साठ प्रमाणात चोवीस सेंटिमीटरचा, म्हणजे कलिंगडाएवढा होतो. गतीचेही तसेच आहे. एक मीटरवरून पडणारी वस्तू सुमारे ०.४५ सेकंदात खाली येते, शंभर मीटरवरून पडणारी सुमारे साडेचार सेकंदांत. म्हणून एकास शंभर प्रमाणातील धबधब्यात खरे पाणी सोडले तर ते दसपट घाईने पडल्यासारखे वाटते. निसर्गाचे सर्व नियम आपल्या फूटपट्टीने लहान होत नाहीत, हा विज्ञानाचा धडा येथे आपोआप होतो.

पाण्याचा भास पुढीलप्रमाणे साधावा. पात्राचा तळ प्रथम रंगवावा. सप्टेंबर अखेरीस, पावसाळा सरता सरता, नद्यांना गढूळ पाणी असते. म्हणून मध्यभागी गडद तपकिरी, काठाकडे फिका मातकट, असा रंग एकमेकांत मिसळत न्यावा. सुकल्यावर त्यावर सुताराच्या पांढऱ्या डिंकाचा, म्हणजे फेव्हिकॉलचा, पातळ थर द्यावा. ओला असताना तो दुधासारखा दिसतो. सुकल्यावर पारदर्शक होतो. प्रत्येक थरास एक दिवस द्यावा आणि असे चार-पाच थर द्यावेत. एकदम जाड थर ओतल्यास तो आत पांढरा राहतो. बाभळीचा डिंक पिवळसर असतो. गढूळ नदीस तो दोष न ठरता गुण ठरतो, परंतु तोही पातळच लावावा, अन्यथा तडकतो. बाजारात मिळणारे दोन द्रवांचे रेझिन सुंदर दिसते; तथापि त्याची वाफ व उष्णता लक्षात घेता ते मुलांच्या हाती देऊ नये.

लाटा कोठे काढावयाच्या, हे ठरविण्यासाठी जवळच्या ओढ्यावर जाऊन पाहावे. पाण्यात उभ्या राहिलेल्या बैलाच्या पायांशी, प्रवाहाच्या वरच्या अंगास पाणी किंचित चढते आणि खालच्या अंगास दोन तिरप्या रेघा उमटतात. घट्ट डिंकाने काडीच्या टोकाने तशाच रेघा काढून शेंड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. सर्व रेघांची दिशा एकच असावी. प्रवाह कोणीकडे वाहतो, हे पाहणाऱ्यास पाटी न वाचता कळले, म्हणजे पाणी साधले असे समजावे.

धूर

त्या काळच्या तोफांत व बंदुकांत काळी दारू असे. जळताना तिचा दाट पांढरा धूर होई. बिनधुराची दारू प्रचारात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणून असईच्या देखाव्यात धूर हा अलंकार नाही, घटनेचा भाग आहे. शेजारची पलटण कोठे आहे हे सैनिकास दिसेनासे होण्याचे ते एक कारण असे.

कापूस आपल्या जिल्ह्याचे पीक असल्याने साहित्याची वाण नाही. मात्र गोळा चिकटवू नये. सरकी काढलेला कापूस बोटांनी इतका विंचरावा की त्यातून पलीकडचा हात दिसावा. तोफेच्या तोंडाशी त्याची दाट, अरुंद पट्टी ठेवावी आणि पुढे ती रुंद व विरळ करीत न्यावी. दहा मीटरचा लोट एकास साठ प्रमाणात सुमारे सतरा सेंटिमीटर भरतो. बत्ती देण्याच्या छिद्रातूनही थोडा धूर वर येतो, तेथे एक बारीक तंतू लावावा. नुकत्या उडालेल्या तोफेचा धूर पांढरा व दाट, आधी उडालेल्या तोफेचा विरळ व पसरलेला, असा भेद केल्यास एकाच दृष्टिक्षेपात काळाचा क्रम दिसतो. जुन्या धुरास चुलीची वस्त्रगाळ राख हलकेच लावावी.

वारा सर्व देखाव्यात एकच असतो. उत्तरेची तोफ पूर्वेस धूर सोडते आणि दक्षिणेची पश्चिमेस, असे होणे शक्य नाही. वाऱ्याची दिशा आधारावाचून मनानेच ठरविली असेल तर कार्डावर 'वाऱ्याची दिशा कल्पनेने घेतली आहे' असे लिहावे.

कापूर, फटाक्यांची दारू, उदबत्ती किंवा मेणबत्ती यांचा उपयोग कोणत्याही सबबीवर करू नये. कापूस, कागद व भुसा यांनी भरलेल्या फळीजवळ एक ठिणगीही संकट ओढवील, आणि तेथे मुले दाटीने उभी असतात. शिवाय अडीच सेंटिमीटरची ज्योत एकास साठ प्रमाणात दीड मीटरची होते आणि तिची चंचलता मात्र कमी होत नाही. म्हणजे धोका पत्करूनही परिणाम खोटाच राहतो. उजेड हवा असल्यास लहान विजेरीचा दिवा पश्चिमेकडून पाडावा, कारण लढाई दुपारी झाली. मग मुलांना विचारावे, 'पश्चिमेकडे तोंड करून चालून जाणाऱ्यास दुपारच्या उन्हाचा काय अनुभव आला असता?'

झाडे व पिके

तुराट्यांच्या बारीक फांद्या, गवताची मुळे, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि रंगविलेला लाकडाचा भुसा एवढ्यावर झाडे होतात. एकच हिरवा रंग सर्वत्र वापरू नये. दूरच्या झाडांचा हिरवा किंचित राखाडी व फिका ठेवल्यास फळीस खोली येते.

खरी दक्षता पिकांबाबत घ्यावयाची आहे. आज सप्टेंबरात या भागातील शेतांत सोयाबीन दिसते. १८०३ साली ते येथे नव्हते. ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ हीसुद्धा त्यानंतर परदेशातून आलेली आहे. विजेचे खांब कोणी उभारणार नाही, पण वेडी बाभूळ सहज उभारली जाते, कारण ती पूर्वापार येथलीच वाटते. गावातील वृद्ध शेतकऱ्यांना शाळेत बोलावून, त्यांच्या लहानपणी भाद्रपदात शेतात काय उभे असे, हे मुलांनी विचारावे. त्यांची स्मृती १८०३ पर्यंत पोचणार नाही. पण आजच्या दृश्यातून काय वगळावयाचे याची दिशा तीतून मिळेल.

या दक्षतेस मोठा आधार आहे. विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईचा भव्य लघुदेखावा तयार केला आणि १८३८ साली तो लंडनमध्ये लोकांपुढे ठेवला. एका मैलास नऊ फूट असे त्याचे प्रमाण होते आणि त्यात सत्तर हजारांहून अधिक लहान शिपाई होते. तो करण्यापूर्वी त्याने लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून, तुमची पलटण कोठे होती आणि तुमच्यासमोर शेतात कोणते पीक होते, अशी विचारणा केली. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन म्हणजेच असईचा वेल्स्ली. त्यास तो देखावा पसंत पडला नाही. मित्र असलेले प्रशियन सैन्य किती व कोठे दाखवावे, यावरून वाद झाला. लहानशा शिपायांची जागासुद्धा विधान करते आणि त्या विधानाचा एखाद्याच्या कीर्तीशी संबंध येतो, हे यावरून दिसते.

आपल्याकडेही पाहण्यासारखी उदाहरणे आहेत. मुंबईच्या मणिभवनात गांधीजींच्या जीवनातील प्रसंगांचे लहान देखावे आहेत. पुण्यात १९९८ साली सुरू झालेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गाड्यांभोवती छोटे नगर उभे केलेले आहे. सहलीच्या निमित्ताने तेथे गेल्यास मुलांनी 'किती छान!' एवढ्यावर न थांबता माप, सावली आणि रंग यांची नोंद करावी.

मृत आणि जखमी

लढाईचा देखावा करताना एक नाजूक प्रश्न येतो. मुलांना तोफा व घोडे आवडतात. पडलेली माणसे दाखवावयाची की नाहीत? लाल रंगाची उधळण करू नये, ती मुलांस केवळ चटक लावते. परंतु सर्व शिपाई उभे आणि ताजेतवाने दाखविणे हेही असत्यच होय. तोफेजवळ एक-दोन आडव्या आकृती, एक रिकामा घोडा, एक टाकलेली पखाल एवढ्याने पुरेसे सांगितले जाते. स्वतः वेल्स्लीने, एवढी मोठी हानी पुन्हा पाहण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे लिहून ठेवले. ज्या गावांच्या शिवारात हे घडले तेथील लोकांची त्या दिवशी काय दशा झाली असेल, हा प्रश्न मुलांनी विचारल्यास तो टाळू नये. देखाव्यात गाव रिकामे ठेवून त्यापुढे प्रश्नचिन्हाचे एक कार्ड उभे करता येते.

तीन रंगांची कार्डे

देखाव्यासोबत तीन रंगांची लहान कार्डे असावीत. पांढऱ्या कार्डावर जे निश्चित ठाऊक आहे ते लिहावे : तारीख, नद्या, सैन्यांची दिशा, तोफांची संख्या. पिवळ्या कार्डावर जे अनुमानाने ठरविले ते : पाण्याचा गढूळपणा, काठाचा चिखल. गुलाबी कार्डावर जे कल्पनेने घातले ते : वाऱ्याची दिशा, घोड्यांचे रंग, अमुक ठिकाणचे झाड. कोणते कार्ड कोठे लावावयाचे यावर मुलांत जो वाद होईल, तोच या सर्व उपक्रमाचा सर्वांत मोलाचा तास समजावा.

द्विशिक्षकी शाळेसही हे काम आठ शनिवारांत झेपेल. तिसरी-चौथीच्या मुलांनी माती गाळावी व कापूस विंचरावा, पाचवीने मापे काढावीत, सहावीने पाणी व झाडे करावीत, सातवीने कार्डे लिहावीत आणि गावातील वृद्धांना भेटावे.

शेवटी एक सूचना. मोठ्या देखाव्यात नदीचा उतार कोठे आहे हे दाखवू नये. तेथे बाण, खूण वा पाटी लावू नये. केवळ दोन तीरांवरील दोन गावे समोरासमोर अचूक बसवावीत, घरांमधून निघालेली पायवाट काठापर्यंत आणावी आणि पाणी सर्वत्र सारखेच गढूळ ठेवावे. मग पाहणाऱ्या मुलांस फळीच्या दक्षिण कडेस उभे करून विचारावे, 'वाटाडे म्हणतात की येथे उतार नाही. तुम्ही सैन्य कोठून न्याल?' ज्या मुलाचे बोट त्या दोन गावांच्या मध्ये जाऊन टेकेल, त्याला का असे विचारावे. नदीपलीकडच्या मामाच्या गावाला जाणारी वाट ज्याने पाहिली आहे, असे कोणतेही खेड्यातील मूल याचे उत्तर देऊ शकेल. ते उत्तर देताना त्याला उमगेल की, इतिहास घडविणारी नजर त्याच्याही ठायी आहे.